एकविसावा प्रश्न

औषधाच्या त्या दुकानात पांढरा कोट एकच होता आणि तो रोज सकाळी कडक इस्त्री होऊन यायचा. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली तो हँगरला लावून दुकान उघडायच्या वेळेला आणून द्यायची. मालक दोन्ही हात मागे करून उभे राहायचे, त्यांची बायको कोट धरायची, आणि मग एकेक बाही चढवत ते आरशात स्वतःकडे असं बघायचे, जणू आता आत जाऊन कुणाचं तरी हृदय उघडणार आहेत. प्रत्यक्षात उघडायचं असायचं ते खोकल्याच्या औषधाचं खोकं.

गल्ली त्यांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणायची. तोंडावर अर्थातच ‘साहेब’. तरुणपणी डॉक्टरकीचा प्रवेश थोडक्यात हुकला होता, आणि ते थोडकं किती होतं हे ते पस्तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. लग्नाच्या वेळी नऊ गुण कमी पडले होते. मोठी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पाच राहिले. पुढे दोन. अलीकडे तर तपासणाऱ्याचीच चूक निघाली होती. त्यांच्या बायकोचा अंदाज असा, की अजून दहा वर्षं देवाने दिली तर हा माणूस त्या परीक्षेत पहिला येऊन गेलेला असेल.

या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू दुकानात मागच्या बाजूला स्टुलावर बसायच्या. कागदाची पाकिटं करायच्या, फळ्यांवरच्या तारखा बघायच्या, मुदत संपत आलेला माल पुढे आणून ठेवायच्या. शिक्का नाही, सर्टिफिकेट नाही, कोट तर नाहीच. पण कुठली गोळी जेवणाआधी, कुठली जेवणानंतर, कुठल्या दोन एकत्र चालत नाहीत हे त्यांना तोंडपाठ होतं. बाया काउंटरवर यायच्या, साहेबांच्या खांद्यावरून आत डोकवायच्या आणि विचारायच्या, “काकू आहेत का?” साहेबांना त्याचा राग यायचा. समोर आख्खा कोट उभा असताना लोकांनी स्टुलाला विचारावं म्हणजे काय!

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकायलाच हवी. समोर एक खरे डॉक्टर होते आणि त्यांचं अक्षर वाचणं हे माणसाचं काम नव्हतं. कागदावर मुंगळा शाईत पडून पळाल्यासारखं ते दिसायचं. ते अक्षर शहरात फक्त अर्ध्या डॉक्टरांना वाचता यायचं. एकदा तर त्यांनी डॉक्टरांनी चुकून दुप्पट लिहिलेला डोस पकडला होता. डॉक्टर स्वतः रस्ता ओलांडून आले आणि ‘आभारी आहे’ म्हणाले. ते आभार अर्धे डॉक्टर अकरा वर्षं पुरवून पुरवून सांगत होते. अक्षर ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते खरंही होतं. देवाने एक गुण दिला होता, तोही दुसऱ्याचं वाचण्याचा.

काकूंना चार मुली. दुसरी झाली तेव्हा काकू सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि अंगातलं सगळं बळ निघून गेलं होतं. दुकानाच्या वरच राहायचं घर. म्हणजे पाळणा लांबवायच्या गोळ्यांच्या थप्प्या खाली आणि काकूंचं अंथरूण बरोबर त्यांच्या डोक्यावर, मध्ये एक जिना. काकूंनी एकदा हिंमत करून विचारलं, “अहो, एक पाकीट मला द्या ना.”

“चिठ्ठीशिवाय देता येत नाही,” ते म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

“मग मी समोरून चिठ्ठी आणते.”

“समोरून? म्हणजे त्या माणसाने माझ्या घरातलं लिहायचं आणि मी ते वाचायचं? माझी काही इज्जत आहे की नाही?”

अशी त्यांची इज्जत राहिली आणि काकूंना तिसरी झाली. मग चौथी. चौथीच्या वेळी काकू तीन दिवस रडत होत्या. मुलीचं तोंड बघावंसं वाटेना. दवाखान्यातल्या नर्सनेच हळूच विचारलं, आणि काकूंनी नवऱ्याला न सांगता ऑपरेशनच्या कागदावर सही करून टाकली. त्याला ते कळलं आठ महिन्यांनी, तेही नर्सने दुकानात येऊन ‘टाके बरे आहेत ना?’ विचारलं म्हणून. महिनाभर तो बोलला नाही. काकूंच्या संसारातला तो सगळ्यात सुखाचा महिना.

तर अशी पस्तीस वर्षं गेली. मग समोरचे डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले. पाटी उतरली, दाराला कुलूप लागलं. आता सगळ्यात जवळचा दवाखाना म्हणजे दोन बस बदलून जायचं, अर्धा दिवस बाकावर बसायचं आणि एका ओळीची चिठ्ठी घेऊन परत यायचं. ज्या बाया वर्षानुवर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होत्या त्यांची पंचाईत झाली. कामावरून सुट्टी मागायची तर कारण काय सांगणार?

आणि तेवढ्यात तो नवा नियम आला. औषध दुकानदाराने सहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं. मग बाईला ठरलेले वीस प्रश्न विचारायचे, रक्तदाब मोजायचा, आणि सगळं ठीक असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांची चिठ्ठी स्वतःच लिहायची. डॉक्टरकडे जायचं कारण नाही. काकूंनी ती बातमी पेपरात दोनदा वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला उशीर झाला, पण निदान या पोरींना तरी कुणी जिना मध्ये घालून ठेवणार नाही, असं त्यांना वाटलं. चांगला आठवडाभर वाटत होतं.

अर्धे डॉक्टर प्रशिक्षणाहून परत आले ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊनच. सर्टिफिकेटला सोनेरी चौकट झाली, लग्नाच्या फोटोच्या दुप्पट. दुकानाच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून एक खण केला, त्याला हिरवा पडदा, आत टेबल, दोन खुर्च्या. रक्तदाबाचं यंत्र आलं. गळ्यात अडकवायला स्टेथोस्कोप आला, ज्याचं त्या वीस प्रश्नांत कुठेही काम नव्हतं. नवा शिक्का आला. कोटाला रोज दुप्पट स्टार्च लागायला लागलं.

“काकू, कोट आता आपला आपण उभा राहतोय,” इस्त्रीवाली म्हणाली. “आत माणूस नसला तरी चालेल.”

काकू हसल्या. नंतर कळलं की चाललं असतं, आणि फार बरं चाललं असतं.

पहिली बाई आली तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी तिला वीस मिनिटं बसवून ठेवलं. डॉक्टरांकडे थांबावं लागतं, हे साहेबांना माहीत होतं. पुढे पुढे तर पडद्याआड पेपर वाचत बसायचे आणि मध्येच खाकरायचे, म्हणजे बाहेरच्या बाईला वाटावं आत काहीतरी गंभीर चाललंय. मग बोलवायचे. प्रश्न विचारायचे ते अशा आवाजात की टूथपेस्ट घ्यायला आलेल्या माणसालाही उत्तर द्यावंसं वाटावं. “शेवटची पाळी कधी आली?” “डोकं दुखताना डोळ्यांसमोर वेड्यावाकड्या रेघा दिसतात का?” पडदा नजरेला अडवतो, आवाजाला नाही, एवढी साधी गोष्ट त्या सहा दिवसांत कुणी शिकवली नसावी. काकू बाहेर मुद्दाम खोकी आपटायच्या, नळ सोडायच्या. त्याने काय होणार?

दोन महिन्यांनी साहेबांना त्या फॉर्ममध्ये उणीव दिसायला लागली. एके दिवशी त्यांनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं, शेजारून त्याच्या शंभर प्रती काढून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. वर लिहिलं होतं, ‘प्रश्न २१: पतीस माहिती आहे काय?’ खाली रेघ, आणि रेघेखाली ‘पतीची सही’.

काकूंनी तो कागद उचलला. “अहो, प्रश्न तर वीसच आहेत ना?”

“वीस त्यांचे आहेत. हा माझा.”

“पण याचा आणि गोळीचा काय संबंध? रक्तदाब नवऱ्याच्या सहीने कमी होतो का?”

“तू पाकिटं कर,” ते म्हणाले. “फॉर्म करणारे ऑफिसात पंख्याखाली बसतात. इथे जबाबदारी माझी आहे. उद्या नवरा येऊन माझी गचांडी धरेल, तेव्हा तू येणार आहेस का?”

म्हणजे जबाबदारीचं नाव आणि भीती स्वतःच्या गचांडीची. काकूंनी मूग गिळले. पस्तीस वर्षं तेच गिळत आल्या होत्या, घशाला सवय झाली होती.

ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांना वडिलांची सही आणायला सांगितली जायची. ज्यांचा नवरा वारला त्यांना ‘मग गोळ्या कशाला?’ अशी पृच्छा व्हायची. काही बाया मुकाट्याने सही घेऊन यायच्या. बऱ्याच पुन्हा यायच्याच नाहीत. वीस प्रश्नांचे फॉर्म दर महिन्याच्या शेवटी आरोग्य कार्यालयाला पाठवायचे असायचे. ते काम काकूंचं: टाचण्या लावायच्या, मोठ्या पाकिटात घालायचे, टपालात टाकायचे. एकविसाव्या प्रश्नाचे कागद मात्र साहेब लाल फायलीत वेगळे ठेवायचे. “हे माझे खासगी,” म्हणायचे.

आणि मग एक दिवस त्या हिरव्या पडद्याआड इस्त्रीवाली जाऊन बसली.

ती तिशीची होती, तीन मुलांची आई. तिसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की चार बाटल्या चढवाव्या लागल्या. तेव्हा समोरच्या डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं होतं, “आणखी एक झालं तर तू राहणार नाहीस. तीन पोरांना आई हवी असेल तर आता थांब.” तेव्हापासून चार वर्षं ती गोळ्या घेत होती. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले पंधरा-वीस दिवस बाहेर. गोळ्यांनी बाई वाळते आणि बाहेरख्याली होते, असं त्याचं मत. त्यामुळे पाकीट स्टार्चच्या डब्यात. डॉक्टर गेले तेव्हा तिच्याकडे थोड्या जास्तीच्या गोळ्या होत्या, त्या आता संपत आल्या होत्या.

काकू बाहेरून ऐकत होत्या. वीस प्रश्न झाले. रक्तदाब चांगला निघाला. मग साहेबांनी तो कागद पुढे सरकवला.

“साहेब, तो गाडीवर गेलाय.”

“आला की आण सही.”

“माझ्याकडे चारच गोळ्या राहिल्यात. डॉक्टरसाहेबांना सगळं माहीत होतं. ते काही विचारायचे नाहीत.”

“म्हणूनच ते गेले आणि मी इथे आहे,” साहेब म्हणाले. याचा अर्थ काय ते त्यांनाही माहीत नसावं.

दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली. खाली सही होती. साहेबांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो काकूंनी त्यांच्या एकाही मुलीच्या जन्माच्या वेळी पाहिला नव्हता.

“ही सही तुझी आहे.”

“नाही साहेब.”

“पस्तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलीत मी. तू कोटाच्या पावतीवर जसा ‘क’ काढतेस तसाच इथे काढलायस. मला फसवतेस?”

दुकानात तेव्हा तिघं-चौघं उभे होते. साहेब म्हणाले, “नंबर दे त्याचा. मीच विचारतो.” तिने दिला नाही. पण नंबर पावतीवर छापलेला होता, इस्त्रीचा धंदा नवऱ्याच्या नावावर होता ना. साहेबांनी फोन लावला. “नमस्कार, औषधाच्या दुकानातून बोलतोय. आपल्या पत्नीच्या गर्भनिरोधक गोळ्यांसंबंधी आपली संमती हवी होती...”

काकू तीन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. फोन टेबलावरचा, वायरीचा. एक बोट ठेवलं असतं तर बंद पडला असता. त्यांनी ते बोट ठेवलं नाही. हातात कागदाचं पाकीट होतं, ते तसंच धरून राहिल्या. नंतर त्यांनी नवऱ्याला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या स्वतःला होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कोट येईनासा झाला. काकू घरीच इस्त्री करायच्या, कॉलरला चुणी राहायची आणि साहेब कुरकुरायचे. “काय बाई आहे! एवढ्या तेवढ्यावरून कामावर राग काढते.” त्यांना खरंच तेवढंच दिसत होतं. काकूंना कोपऱ्यापर्यंत चालत जायला चार आठवडे लागले. दोनशे पावलांना चार आठवडे!

इस्त्रीवाली टेबलाशी उभी होती. डाव्या हाताचं मनगट बांधलेलं, उजव्याने इस्त्री फिरवत होती. वर बघितलं नाही.

“पाच दिवस होता घरी,” ती म्हणाली. “डबा रस्त्यावर ओतला. गोळ्या गटारात गेल्या, स्टार्चही गेलं. तीन आठवडे झाले त्याला जाऊन.” मग थोडं थांबून, “पाळी चार दिवस लांबलीय काकू.”

काकूंनी तिच्या बांधलेल्या मनगटाकडे बघितलं.

“तुम्ही तिथेच होतात ना?” तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“होते,” काकू म्हणाल्या. “उद्या दुकान बंद असतं. सकाळी तयार राहा. माझ्याबरोबर यायचंय.”

दोन बस बदलून त्या धाकटीच्या दुकानात गेल्या. धाकटी म्हणजे काकूंची चौथी. लग्न केलं नव्हतं, औषधशास्त्र शिकली, बापाच्या दुकानात बसायला नको म्हणाली आणि एका मोठ्या औषध दुकानात नोकरीला लागली. तिच्याकडेही तेच सहा दिवसांचं सर्टिफिकेट होतं. ते भिंतीवर नव्हतं, कपाटात होतं. तिने दोघींना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. पडदा नाही, दार. काकूंच्या ते लगेच लक्षात आलं.

धाकटीने आधी तपासणीची पट्टी दिली. इस्त्रीवाली आत जाऊन आली, पट्टी टेबलावर ठेवली आणि तिघी तिच्याकडे बघत बसल्या. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. पाच मिनिटं थांबायचं. इस्त्रीवालीने डोळे मिटले होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. काकूंना कळलं, ती मुलांची वयं मोजत होती. नऊ, सात, चार.

पहिली रेघ उमटली. दुसरीची जागा पांढरीच राहिली. धाकटीने पाचाच्या जागी दहा मिनिटं जाऊ दिली, मग पट्टी उजेडात नेऊन पाहिली.

“नाहीये ताई. काळजीनेही लांबते कधीकधी.”

इस्त्रीवाली रडली नाही. तिने पाणी मागितलं.

मग वीस प्रश्न झाले, हळू आवाजात. रक्तदाब दोनदा मोजला, दुसऱ्यांदा थोडं थांबून. पहिले सात दिवस गोळीवर विसंबायचं नाही, हे धाकटीने नीट समजावलं. आणि शेवटी विचारलं, “ठेवाल कुठे?”

इस्त्रीवाली काकूंकडे बघायला लागली. डबा तर गेलाच होता.

“माझ्याकडे,” काकू म्हणाल्या. “दुकानात. उद्यापासून ही पुन्हा रोज सकाळी कोट घेऊन येईल. दुकान बंद असेल त्या दिवसाची आदल्या दिवशी देत जाईन.”

धाकटीने आईकडे बघितलं. चिठ्ठी लिहिली, सही केली. मग म्हणाली, “पण आई, आपलंच दुकान असताना इतक्या लांब का?”

काकूंनी एकविसाव्या प्रश्नाचं सांगितलं. लाल फायलीचं, फोनचंही. धाकटीने हातातलं पेन खाली ठेवलं.

“बाबांनी बायांना असं विचारायचंच नसतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. त्यातला एक जरी कागद कार्यालयाने बघितला ना...” ती पुढे बोलली नाही. शेवटी बाप होता.

परतीच्या बसमध्ये इस्त्रीवालीला झोप लागली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. ही धाकटी मला नको होती, त्यांच्या मनात आलं. हिच्यासाठी मी तीन दिवस रडले आणि हिच्याकडे बघितलं नाही. चारांत हीच माणूस निघाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पहिल्या गोष्टीचा दोष त्या आता पोरीकडे किंवा स्वतःकडे ठेवायला तयार नव्हत्या. तो ज्याचा होता तो घरी बसून कॉलरची चुणी बघत असणार. मुलीने अर्धवट सोडलेलं वाक्य काकूंनी घर येईपर्यंत मनात पुरं केलं होतं.

महिना संपला. काकू फॉर्म घेऊन बसल्या. साहेब पुढे कुणाला तरी त्या हुकलेल्या गुणांचं सांगत होते. काकूंनी लाल फाइल उघडली. सत्तेचाळीस कागद होते, प्रत्येकावर साहेबांचा नवा शिक्का आणि झोकदार सही. काहींवर नवऱ्याच्या सह्या. काहींवर शेरे: ‘परत पाठविले’, ‘समज दिली’. इस्त्रीवालीच्या कागदावर लाल शाईत ‘बनावट. पतीस दूरध्वनीने कळविले.’ केवढा टापटिपीचा माणूस! काकूंनी सत्तेचाळीस कागद त्या महिन्याच्या फॉर्मांमागे ठेवले, टाचण्या लावल्या, पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आल्या. येताना कोपऱ्यावर थांबून चहा प्यायल्या.

बारा दिवसांनी आरोग्य कार्यालयातून एक बाई आल्या. साध्या, खांद्याला पिशवी. साहेबांना वाटलं, आपलं काम बघायला आल्यात, कौतुक-बिवतुक असेल. त्यांनी खुर्ची पुसली, स्टेथोस्कोप सरळ केला, चौकटीकडे बोट दाखवलं. अधिकारी बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

“हे शिक्के तुमचे?”

“माझेच.”

“हा एकविसावा प्रश्न कुणाचा?”

“माझा,” साहेब म्हणाले, आणि छाती पुढे आली. “मॅडम, खरं तर तुमच्या फॉर्ममध्ये ही एक उणीव...”

अधिकारी बाईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. असा मूर्ख आपल्या तोंडाने सगळं सांगत असेल तर अडवायचं कशाला? त्यांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, खाली सही घेतली. साहेबांनी ती झोकात केली. मग त्या उठल्या, भिंतीवरची चौकट उतरवली, शिक्का पिशवीत टाकला.

“आजपासून तुम्ही चिठ्ठी लिहायची नाही. पुढची चौकशी होईल. आठवड्यातून तीन दिवस आमची एक फार्मासिस्ट इथे येऊन बसेल. तिला दार असलेली खोली द्या. आणि ज्यांना परत पाठवलंत त्या सगळ्यांना आम्ही बोलावतोय.”

त्या गेल्यावर साहेब बराच वेळ भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते. मग वळले.

“ते कागद गेले कसे?”

“टपालाने,” काकू म्हणाल्या.

“तू पाठवलेस? माझ्या खासगी फायलीतले?”

“दर महिन्याला मीच पाठवते की. फॉर्मचे सगळे कागद जोडायचे असतात. नियम म्हणजे नियम.”

“तू माझं नाक कापलंस!”

“त्या पोरीचा हात मोडला होता,” काकू म्हणाल्या. “तुमचं नाक मला बघवतं, तिचा हात बघवत नव्हता. तुमची मला शिसारी येते. आधी सांगायला हवं होतं, तेवढं राहून गेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाली कोट घेऊन आली. काकूंनी हँगर घेतला, खुंटीला लावला, ड्रॉवरमधून एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला दिला. महिनाभर हे रोज चाललं होतं, साहेब आरशात बघत असायचे त्याच वेळी. आज आरशात बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून त्यांचं लक्ष गेलं.

“ही काय घेतेय?”

“गोळी,” काकू म्हणाल्या.

“कुणाच्या चिठ्ठीवर?”

काकूंनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. साहेबांनी चष्मा लावला. अक्षर मोठं, गोल, स्वच्छ, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असं. खाली त्यांचंच आडनाव होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच एक चिठ्ठी वाचायला त्यांना इतका वेळ लागला.

“चौथीची आहे,” काकू म्हणाल्या. “तिच्या वेळेला चिठ्ठी नव्हती.”

इस्त्रीवालीने पेला रिकामा करून ठेवला, “उद्या येते काकू,” म्हणाली आणि गेली. साहेबांनी चिठ्ठी खाली ठेवली. मग सवयीने ते खुंटीकडे पाठ करून, दोन्ही हात मागे करून उभे राहिले. काकू पेला धूत होत्या. पेला धुऊन झाल्यावर त्यांनी तो पालथा घातला, स्टूल ओढलं आणि तारखा बघायला बसल्या.